अंगणात स्विमिंग पूल बांधताना: खान्देशात कुठल्या कचेरीत जायचं, काय न्यायचं आणि काम कुठे अडतं

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की बंगल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत छोटा पूल घ्यावा, असं बऱ्याच घरांत निघतं. मग एखादा ठेकेदार येतो, "घरगुती पूलला परवानगी लागत नाही" असं सांगून जातो आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी दारात उभा राहतो. ठेकेदाराचं हे म्हणणं चूक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये 'विकास' या शब्दात जमिनीवरचं, जमिनीतलं आणि जमिनीखालचं बांधकाम येतं. पाच फूट खोल आरसीसीची टाकी त्यात सरळ बसते. परवानगीशिवाय ती बांधली तर कलम ५२ खाली कैद आणि दंडाची तरतूद आहे, आणि कलम ५३ खाली ती काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. भरलेला पूल तोडून खड्डा बुजवायचा खर्च मालकाच्या माथी.

उदाहरणासाठी इथे ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल पूल धरला आहे. पाणी सुमारे ४३,००० लिटर. पुढचे सगळे हिशेब याच मापाचे आहेत.

आधी जागा कुणाच्या हद्दीत, ते पाहा

अर्ज कुणाकडे करायचा ते पत्त्यावरून ठरत नाही. पत्त्यात जळगाव लिहिलेलं असतं आणि प्लॉट असतो शेजारच्या ग्रामपंचायतीत. आव्हाणे, कुसुंबा या बाजूंना हे नेहमीचं आहे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर गावाचं नाव आणि गट किंवा सिटी सर्व्हे नंबर पाहा, मग हद्द ठरवा.

जळगाव किंवा धुळे महानगरपालिकेच्या हद्दीत असाल तर नगररचना विभाग. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार, शहादा अशा ठिकाणी नगरपरिषद. साक्री, मुक्ताईनगरसारख्या ठिकाणी नगरपंचायत. तिथे परवानगी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं मिळते. ग्रामीण भागात जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय, आणि तिथे नकाशा तपासण्याचं काम नगररचना सहायक संचालकांची शाखा करते. एमआयडीसीच्या प्लॉटवर यापैकी कुणाचंच चालत नाही. एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे आणि तिची नियमावलीही वेगळी.

सरपंचांनी लेटरहेडवर दिलेला 'ना हरकत दाखला' गावठाणाबाहेरच्या फार्महाउसला बांधकाम परवानगी म्हणून चालत नाही. सर्वाधिक कामं इथेच फसतात, कारण दाखला हातात असल्यानं मालकाला सगळं झालं असं वाटतं आणि चार वर्षांनी कर्ज किंवा विक्रीच्या वेळी कागद तपासणारा वकील तो बाजूला सारतो.

नियमावली मात्र बहुतेक सगळीकडे एकच आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बोलीभाषेत 'यूडीसीपीआर', जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चालते. जुन्या नगरपालिका नियमांची झेरॉक्स घेऊन बसलेल्या माणसाच्या सल्ल्यानं नकाशा काढू नका.

जमिनीचा कागद स्वच्छ आहे का

पूलचा नकाशा तपासायच्या आधी तुमच्या घराचा कागद तपासला जातो. मूळ बंगल्याला मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर पूलची फाईल पुढे सरकत नाही. जळगाव-धुळ्याच्या कडेला गुंठेवारीनं, म्हणजे ले-आउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट खूप आहेत. तिथे आधी २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली भूखंड नियमित करून घ्यावा लागतो, पूल त्यानंतर.

शेतजमीन असेल तर दोन वाटा. पहिली अकृषिक वापराची, म्हणजे एनएची. मंजूर विकास योजनेतली जमीन, प्रादेशिक योजनेतली जमीन आणि गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन यांना जमीन महसूल संहितेत सवलत आहे: सध्या काय भरायचं आणि कोणता कागद घ्यायचा ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. दुसरी वाट फार्महाउसची. यूडीसीपीआरमध्ये शेती विभागात फार्महाउसला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे क्षेत्र धरलेलं आहे. दहा गुंठ्यांच्या 'फार्महाउस प्लॉट'वर पूल दाखवून जाहिरात करणारे दलाल हा आकडा सांगत नाहीत.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', म्हणजे हस्तांतरणावर सरकारी अट असलेली जमीन, असं लिहिलं असेल, किंवा साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर जमिनीचा व्यवहार आणि वापरातला बदल या दोन्हींना जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी पाहावी लागते. अशा जागेवर करारनामा करून पूल बांधणं म्हणजे दुसऱ्याच्या नावावर सिमेंट ओतणं.

तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर यांच्या काठाला जागा असेल तर पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा निषिद्ध; निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी. नकाशा जलसंपदा विभागाकडे मिळतो. रेल्वे हद्दीलगत, उदाहरणार्थ भुसावळला, रेल्वेचं ना हरकत मागितलं जातं. राष्ट्रीय महामार्ग ५३ किंवा मुंबई-आग्रा रस्त्यालगत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा सोडून मगच पूल आखा.

प्लॉटवर पूल कुठे बसवायचा

उघड्या आकाशाखालचा पूल साधारणपणे चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबात, धरला जात नाही. पण त्यावर पत्र्याचं किंवा पॉलिकार्बोनेटचं कायमचं छप्पर टाकलं, बाजूला कपडे बदलायची खोली आणि पंपघर बांधलं, की ते बांधकाम झालं. म्हणून नकाशात पूल, पंपघर, डेक आणि शेड वेगवेगळे दाखवा आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहा. सामासिक अंतरात, म्हणजे ज्याला आपण मार्जिन म्हणतो त्यात, पूल ढकलायचा मोह टाळलेला बरा. समोरच्या आणि बाजूच्या मार्जिनमधून अग्निशमन गाडी जायची असेल तर तिथे खड्डा मंजूर होणार नाही. मार्जिनमध्ये थोडा भाग येतोच आहे असं असेल तर अर्जासोबत तसा स्पष्ट प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्या.

नियमापेक्षा व्यवहाराचं एक माप: खोदकामाची कड शेजाऱ्याच्या कंपाउंड भिंतीपासून किमान खोदाईच्या खोलीइतकी दूर ठेवा. पुढे दिलेल्या हिशेबात खोदाई १.९ मीटर येते, म्हणजे दोन मीटर अंतर. काळ्या मातीत सरळ कापलेली कड पहिल्या पावसातच ढासळते, आणि शेजाऱ्याची भिंत पडली की तक्रार अर्ज तुमच्या फाईलला चिकटतो. सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि बोअर हेही नकाशावर दाखवा.

वरून वीजतारा जात असतील तर जागाच बदला. पूल साफ करायची जाळी चार-पाच मीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर असते. ती उभी धरली की ११ केव्ही लाईनपर्यंत पोहोचते. बिल्डिंग परवानगीत याकडे कुणी बोट दाखवो न दाखवो, हा धोका जिवाचा आहे.

जागेवर कडुनिंब किंवा आंबा आडवा येत असेल तर तो तोडायला वेगळी परवानगी लागते: शहरात १९७५ च्या वृक्ष अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाकडून, ग्रामीण भागात झाड १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत असेल तर त्या अधिनियमाखाली. आदल्या रात्री झाड तोडून सकाळी अर्ज करणाऱ्यांच्या बाबतीत शेजारीच पहिला फोटो काढून ठेवतात.

माती: खान्देशातला खरा प्रश्न

तापीकाठची काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. घराच्या पायात ही हालचाल एकवेळ सहन होते; पाणी धरणाऱ्या टाकीला ती चालत नाही, कारण केसाएवढी चीर पडली तरी गळती सुरू होते, गळलेलं पाणी खालची माती आणखी फुगवतं आणि चीर वाढत जाते. म्हणून माती परीक्षण कागदापुरतं करू नका. निदान तीन मीटर खोलीपर्यंतचा नमुना घ्या आणि अहवालात 'फ्री स्वेल इंडेक्स', म्हणजे माती पाण्यात किती टक्के फुगते तो आकडा, मागा. तो ५० टक्क्यांच्या पुढे असेल तर काळी माती पूर्ण काढून मुरूम थर थरानं दाबून भरायचा, प्रत्येक थर १५ ते २० सेंटिमीटरचा, पाणी मारून रोलरनं किंवा कॉम्पॅक्टरनं. सरसकट एकदम भरलेला मुरूम एका पावसाळ्यात बसतो आणि डेकच्या फरश्या तिरक्या होतात.

दुसरी गोष्ट रिकाम्या पूलची. राफ्ट, म्हणजे तळाचा काँक्रीटचा स्लॅब, आणि भिंती २० सेंटिमीटर जाड धरल्या तर आपल्या पूलमध्ये सुमारे १४ घनमीटर काँक्रीट येतं, वजन ३५ टन. बाहेरून बाहेर क्षेत्रफळ साधारण ३७ चौरस मीटर. ऑगस्टमध्ये भूजल राफ्टच्या तळापासून एक मीटर वर आलं तर पाणी त्या टाकीला सुमारे ३७ टनांनी वर ढकलतं. म्हणजे साफसफाईसाठी भर पावसात पूल रिकामा केला तर तो उचलला जाऊ शकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशात तळाला हायड्रोस्टॅटिक झडप (खालून भूजलाचा दाब वाढला की उघडून तो सोडणारी) आणि भोवती खडीचा निचरा दाखवलेला असावा. आयएस ३३७० हे पाणी धरणाऱ्या काँक्रीटचं मानक आहे. त्यात किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट सांगितलं आहे. घराच्या स्लॅबचं एम-२० इथे वापरू नका. दाखल्यावर 'आयएस ३३७० नुसार' असं लिहून घ्या, नुसतं 'स्थिर आहे' नको.

फाईल

अर्ज मालकानं करायचा नसतो, तर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन प्रणालीवर चढवायचा असतो. सोबत लागतं ते असं: अलीकडचा सातबारा व ८-अ किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, म्हणजे 'क' प्रत, मंजूर ले-आउट आणि सनद, झोन दाखला व भाग नकाशा, घराचा आधीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची चालू पावती, माती अहवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला व तपशील नकाशे, आर्किटेक्टचं नेमणूकपत्र, सहहिस्सेदारांची संमती. शेवटचं विसरलं जातं. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांच्याही सह्या लागतात, आणि सह्या मिळवायला अक्षय तृतीयेची वाट पाहण्यापेक्षा आधीच बोलून ठेवा.

नकाशात आडवा आणि उभा छेद दोन्ही हवेत. खोल आणि उथळ बाजूचं माप, पायऱ्या, पाणी बाहेर जायची नळी आणि ती कुठे सोडणार, हे लिहिलेलं नसेल तर त्रुटीपत्र येतं. त्रुटीपत्राला तुकड्या-तुकड्यानं उत्तर देऊ नका, एकदाच पूर्ण द्या. कारण नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मधली निर्णयाची ६० दिवसांची मुदत तुमचं उत्तर पोहोचल्यापासून मोजली जाते. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मानीव होते, म्हणजे मिळाली असं धरलं जातं, हे खरं, पण काम नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच. केवळ दिवस मोजून जेसीबी बोलावणं धोक्याचं. उशीर होत असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील करा, तो मार्ग सरळ आहे.

शुल्कात छाननी फी, विकास शुल्क आणि कामाची किंमत ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर कामगार उपकर येतो. परवानगीची मुदत एक वर्ष. काम सुरूच झालं नसेल तर मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज द्या.

खोदाई आणि मुरूम

भिंतीभोवती काम करायला जागा धरून खड्डा ९.६ बाय ५.६ मीटर आणि खोली १.९ मीटर. माती निघते सुमारे १०२ घनमीटर, म्हणजे ३६ ब्रास. मोकळी झाल्यावर ती आणखी फुगते, तेव्हा ट्रॉल्यांचा अंदाज ४५ च्या आसपास ठेवा. ही माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली तर स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टी, लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल तसा आहे. प्लॉटबाहेर न्यायची, विकायची किंवा शेतातल्या रस्त्यावर टाकायची असेल तर तहसील कार्यालयातून परवाना, स्वामित्वधनाची भरणा पावती आणि प्रत्येक गाडीला वाहतूक पास. पासाशिवाय ट्रॅक्टर पकडला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि वाहनही जप्त होतं. बाहेरून मुरूम आणतानाही पुरवठादाराचा पास मागून घ्या.

खोदाई उन्हाळ्यात सुरू करायची असेल तर होळीच्या आधी करा. मे अखेरीस उघडा राहिलेला खड्डा जूनमध्ये पाण्यानं भरतो आणि आठवडाभर पंपानं उपसावा लागतो.

पाणी कुठून

जळगावचं पाणी वाघूरवरून, धुळ्याचं तापी योजना आणि नकाणे तलावावरून, नंदुरबारचं विरचक धरणावरून. काही दिवसांआड नळ येणाऱ्या भागात घरगुती नळजोडावर ४३,००० लिटर भरायची अपेक्षा ठेवू नका, आणि टंचाईत पालिकेनं पिण्याच्या पाण्याच्या वापरावर निर्बंध घातले तर पहिली नजर पूलवरच जाते. पहिला भरणा टँकरनं, १०,००० लिटरचे पाच.

नंतरचा खर्च बाष्पीभवनाचा. मे महिन्यात पातळी दिवसाला एक सेंटिमीटर उतरली तरी ३२ चौरस मीटरला ३२० लिटर रोज, महिन्याला जवळपास दहा हजार. झाकण असेल तर हे बरंच खाली येतं. पातळी ऊन खातंय की गळतीनं जातेय हे ओळखायला पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आत-बाहेरची पातळी खुणावा आणि दोन दिवसांनी पाहा. बाहेरची जास्त उतरली तर गळती आहे.

बोअर मारायची असेल तर महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ लक्षात ठेवा: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. रावेर-यावलला केळीनं भूजल आधीच इतकं खाली नेलं आहे की तिथे पूलसाठी बोअर हा विचारच सोडावा. बोअरचं पाणी जड असेल तर टाइल्सवर पांढरा थर धरतो आणि फिल्टरची वाळू दगडासारखी बसते. भरण्याआधी टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि कठीणपणा तपासून घ्या.

वीज

फार्महाउसवर सर्रास होणारी चूक: शेतीपंपाच्या जोडणीवर पूलचा पंप. शेतीचा दर घरगुती करमणुकीला चालत नाही. महावितरणनं पकडलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. घरगुती जोडणी घ्या आणि भार वाढवून घ्या. सहा तासांत एकदा पाणी फिरवायचं तर ताशी सुमारे ७ घनमीटर उपसणारा पंप लागतो, साधारण एक अश्वशक्तीचा.

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच. काठापासून दोन मीटरच्या आत २३० व्होल्टचा एकही प्लग नको. पूलच्या सर्किटला वेगळा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच), आणि शिडी, कठडा, सळई यांना एकत्र बाँडिंग करून अर्थिंग. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल फाईलला लावा. तळाची पाणी ओढणारी जाळी एकच ठेवू नका. एक मीटर अंतरावर दोन असाव्यात. एकाच जाळीवर मुलाचं अंग किंवा केस बसले तर पंपाची ओढ सोडवता येत नाही.

कुंपण सव्वा मीटर उंच, गजांतली फट दहा सेंटिमीटरपेक्षा कमी, दार आपोआप बंद होणारं आणि कडी मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी वर.

हॉट टब गच्चीवर नेण्याआधी

तयार फायबरचा टब जमिनीवर ठेवायला बांधकाम परवानगीचा प्रश्न क्वचित येतो. गच्चीवर मात्र वजनाचा येतो. आयएस ८७५ मध्ये माणसं जाऊ शकतील अशा गच्चीला दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात. टबात ९० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो, त्यावर टब आणि माणसं वेगळी. सहापट भार जुन्या स्लॅबवर ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घ्या. अपार्टमेंट असेल तर सोसायटीचा ठरावही. तीन किलोवॉट हीटरला स्वतंत्र वायर आणि आरसीसीबी हवाच. तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका. इथल्या हवेत टबाचा उपयोग डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरता, बाकी दहा महिने त्यात पाणी साठवून ठेवलं तर डासांची पैदास होते आणि पालिकेचं पथक नोटीस देतं.

वापरलेलं पाणी, शेततळं आणि भाड्यानं देणं

फिल्टर उलटा धुताना दर वेळी सुमारे ३०० लिटर गढूळ पाणी निघतं. ते गटारात, रस्त्यावर किंवा शेजारच्या वाफ्यात सोडू नका. क्लोरीन चार-पाच दिवस उन्हात उतरू द्या आणि मग झाडांना घाला. केळीला खारट पाणी सोसत नाही, तिला वगळा. शोषखड्डा पूलच्या उताराच्या खालच्या बाजूला आणि लांब ठेवा, जवळ ठेवला तर तोच काळी माती फुगवतो.

अनुदानावर घेतलेल्या शेततळ्याला पूल म्हणून वापरता येत नाही, ते सिंचनासाठी मंजूर आहे. शिवाय प्लास्टिक अस्तराच्या तिरक्या बाजूवर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. भोवती कुंपण आणि चारही बाजूंनी पाण्यापर्यंत गाठी मारलेले दोर हवेतच.

घरगुती परवानगीचा पूल तिकीट लावून किंवा हळदी-वाढदिवसाला भाड्यानं देता येत नाही. त्यासाठी वापर बदल, व्यावसायिक वीजदर आणि सार्वजनिक जागेचे वेगळे परवाने लागतात. शेतावर पाहुणे ठेवायचे असतील तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करा आणि त्या अर्जातच पूल दाखवा.

काम संपलं की पूर्णत्वाचा अर्ज द्या, भोगवटा प्रमाणपत्र घ्या आणि कर विभागात नोंद करा. ग्रामपंचायतीत नमुना ८ वर. मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल दाखला, विद्युत चाचणी अहवाल आणि स्वामित्वधनाच्या पावत्या यांचा एक संच घरच्या कागदांसोबत ठेवा. घर विकताना वकील नेमके हेच चार मागतो.